खांबावरचा टेबलक्लॉथ

"मी काठावर असताना बुडालाय असा एक माणूस दाखवा, ही बचावबोट तुमच्या नावावर करून देतो!"

समुद्रकाठच्या त्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात हे वाक्य ऐकलं नाही असा सभासद सापडला नसता. बचावबोट चालवणारे काका ते हंगामाच्या पहिल्या दिवशी नव्या शिकाऊंना ऐकवायचे, आणि मग हंगाम संपेपर्यंत ज्यांनी ऐकलंय त्यांनाच पुन्हा पुन्हा ऐकवायचे. बोट त्यांच्या मालकीची नव्हती, क्लबाची होती, ही गोष्ट वेगळी. पण तीस वर्षं तिचं इंजिन पुसून आणि तिच्या बुडाला रंग फासून त्यांना ती स्वतःची वाटायची, तर वाटू द्या.

बढाई खोटी नव्हती. तीस वर्षांत खरंच कोणी बुडालं नव्हतं. उलट, जे बुडत नव्हते त्यांनासुद्धा काकांनी वाचवलं होतं! फळीवर शीड लावून वाऱ्यावर पळायचं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे फळीताई म्हणायचे. त्या एकदा दमून फळीवर उताण्या पडून ऊन खात होत्या. काकांनी लांबून पाहिलं, बोट भरधाव सोडली आणि ताईंना बखोटीला धरून आत ओढलं. ताईंची झोप गेली आणि फळीही वाहून गेली. मग फळी वाचवायला पुन्हा एक फेरी झाली.

तरीही सगळं ठीक चाललं होतं. यंदा मात्र काकूंनी क्लबात नाव घातलं.

काकू म्हणजे काकांच्या पत्नी. क्लबाचं कँटीन बावीस वर्षं त्याच चालवत होत्या. वय एकसष्ट. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी हात पुसले, पदर खोचला आणि सेक्रेटरीबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नवशिक्यांच्या वर्गात माझं नाव लिहा."

"तुमचं? काकू, अहो..."

"बावीस वर्षं काठावरून सगळ्यांना चहा पाजला. एकदा बघू तरी, पाण्यातून काठ कसा दिसतो."

काकांना कळलं तेव्हा ते इंजिनात तेल घालत होते. तेल अर्धं इंजिनात आणि अर्धं पायजम्यावर गेलं.

"अगं, तुला बादलीतलं पाणी हललं तरी गरगरतं!"

"ते बादलीतलं. बादलीत वारा नसतो."

लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी काकूंच्या अशा बोलण्यावर काकांना उत्तर सुचायला साधारण दोन दिवस लागायचे, आणि तोवर विषय बदललेला असायचा.

काकू शिकल्या. बुधवारी वर्ग, रविवारी शर्यत. शीड ओढायचं कधी, ढिलं सोडायचं कधी, वारा फिरला की शिडाच्या दांड्याखालून डोकं कसं वाचवायचं, हे त्यांना फळीताईंच्या सगळ्या तरण्या शिष्यांपेक्षा लवकर जमलं. "चाळीस वर्षं यांच्या रागाचा वारा ओळखतेय," असं त्या म्हणायच्या, "हा तर नुसता समुद्राचा."

क्लबाचा एक नियम होता. हंगामात एक तरी शर्यत कोणाचीही मदत न घेता पूर्ण करील, त्यालाच पुढच्या वर्षापासून होडी एकट्यानं न्यायला मिळायची. शर्यतीत तुमचा नंबर शेवटून पहिला आला तरी चालेल, पण शर्यत पुरी व्हायला हवी. बचावबोटीचा दोर होडीला लागला की त्या दिवसाची शर्यत तिथेच संपली.

काकूंना बक्षीस नको होतं. त्यांना ती परवानगी हवी होती. एकट्यानं, मनाला येईल तेव्हा, पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत जायचं आणि यायचं, एवढंच. पण नवऱ्याच्या हातात बचावबोट असलेल्या बाईनं शर्यत पुरी करायची म्हणजे काय गंमत आहे?

पहिल्या रविवारी काकू उडालेली टोपी उचलायला वाकल्या. धाडकन दोर अंगावर पडला. "धर!" दुसऱ्या रविवारी होडी खरंच कलंडली, काकूंनी ती शिकवल्याप्रमाणे सरळ केली, एक पाय आत टाकला, आणि दोर थेट डोक्यावर! तिसऱ्या रविवारी त्या नुसत्या पाणी प्यायला थांबल्या होत्या. चौथ्या रविवारी तर होडी मजेत चालली होती.

"आता काय झालं?" काकूंनी दातओठ खात विचारलं.

"तुझा चेहरा उतरलेला दिसला."

"तुम्हाला बघून उतरला!"

सहा रविवार असे गेले. काकू सहाही वेळा दोराच्या टोकाला बांधून, बाजारातून आणलेल्या भोपळ्यासारख्या, काठावर आल्या. राग आला तरी त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. फक्त काकांच्या चहात साखर पडेनाशी झाली.

सातवा रविवार हंगामाचा शेवटचा. सकाळी शेवटची शर्यत, संध्याकाळी समारंभ. समारंभात काकांचा सत्कार व्हायचा होता. त्यासाठी लाकडाची एक पाटी रंगवून आणली होती. तिच्यावर काकांचं चित्र नव्हतं, पण बोटीचं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तीस वर्षं, एकही चूक नाही.' पाटी हॉलमध्ये कापडाखाली झाकून ठेवली होती. काकांनी ती सकाळपासून चार वेळा कापड उचलून वाचली होती.

शनिवारीच काकू सेक्रेटरीबाईंकडे गेल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, उद्या एक दिवस यांना पाण्यावर सोडू नका. बोट फळीताईंकडे द्या. यांना काठावर कुठेतरी कामाला लावा."

"काठावर काय काम देऊ?"

"झेंडे द्या. खांबापाशी बसून हे काय बिघडवणार आहेत?"

दैव अशा वेळी कान टवकारून ऐकत असतं, हे काकूंना माहीत असायला हवं होतं.

झेंड्यांचं काम काकांना नवं नव्हतं. शर्यतीला पाण्यावर ओरडून काही सांगता येत नाही. वारा शब्द पळवून नेतो. म्हणून काठावरच्या उंच खांबावर झेंडे चढवतात आणि भोंगा वाजवतात. कोणता झेंडा म्हणजे तयार राहा, कोणता म्हणजे सुटा, हे सगळं ठरलेलं. आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा वर गेला, तीनदा भोंगा वाजला, की समजायचं शर्यत रद्द, सगळ्यांनी परत फिरा. काकांना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. अक्षरं यायच्या कितीतरी आधी त्यांना झेंडे वाचता येत होते. अक्षरं त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी आली, आणि ती काकूंनी शिकवली. कँटीन बंद झालं की कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं जेवायची, आणि मग ताटं उचलून काकू टेबलक्लॉथच्या निळ्या चौकोनात खडूनं एकेक अक्षर काढायच्या. पांढरा चौकोन सोडायचा, निळ्यात लिहायचं. एका ओळीत सहा अक्षरं. वर्षभरात टेबलक्लॉथ दोन वेळा फाटला, दोन वेळा शिवला, आणि काका वर्तमानपत्र वाचायला लागले.

रविवारी चौदा होड्या सुटल्या. काकांनी झेंडे अचूक चढवले, भोंगा अचूक वाजवला. सगळ्यात पुढे अर्थातच दातांचे डॉक्टर होते. हे गृहस्थ दर शर्यत जिंकायचे आणि जिंकली नाही तर तक्रार करून जिंकायचे. नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या आत छातीशी बाळगायचे. सगळ्यात मागे काकू होत्या. संथ, पण सरळ.

होडीत बसायच्या आधी काकू सांगून गेल्या होत्या, "कोपऱ्यातल्या टेबलावर चहा झाकून ठेवलाय. आज साखर घातलीय. आणि टेबलक्लॉथ संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी धुऊन, इस्त्री करून घातलाय. सांभाळा!"

सेक्रेटरीबाई समारंभाच्या खुर्च्या मांडायला हॉलमध्ये गेल्या. काका कँटीनच्या खिडकीशी, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. एका हातात दुर्बीण, एका हातात चहा. इतक्या दिवसांनी साखरेचा चहा! त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, दुर्बीण लावली. आणि काकूंची होडी एका बाजूला झुकली!

"अगं धर!" काका ताडकन उठले.

होडी सरळ झाली. कप मात्र आडवा झाला.

टेबलक्लॉथच्या मधोमध चहाचं एक तळं झालं आणि बघता बघता चौकोनांमागून चौकोन गिळत सुटलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्रात वादळ आलं असतं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. इथे काय करायचं? काकू परत यायला फार तर तासभर!

त्यांनी कापड ओढलं, मोरीत साबण लावून खसाखसा घासलं, पिळलं. डाग गेला. आता वाळवायचं कुठे? मागच्या दोरीवर ओल्या शिडांची आणि पाण्यात घालायच्या रबरी कपड्यांची ही गर्दी, आणि तिथे वाऱ्याची झुळूक नाही. वारा कुठे होता? वारा होता तिथे, खांबावर!

आता तुम्ही म्हणाल, झेंडे झोपेत वाचणाऱ्या माणसाला दिसलं कसं नाही? पण खरं सांगायचं तर त्यांच्या हातात झेंडा नव्हताच. ज्यावर बावीस वर्षं जेवलो, ज्यावर 'क' गिरवला, ते कापड कोणाला झेंडा वाटेल? काकांनी खांबाच्या दोरीच्या कड्यांत दोन कोपरे अडकवले आणि आयुष्यभराच्या सवयीनं, झटक्यात, टोकापर्यंत चढवून टाकलं. कापड फडाडलं. "दहा मिनिटांत वाळतं," काका स्वतःशी म्हणाले आणि पुन्हा दुर्बिणीला चिकटले.

आणि समोरचं दृश्य बघून त्यांनी दुर्बीण पुसून पुन्हा लावली.

सगळ्यात पुढे असलेले दातांचे डॉक्टर गर्रकन वळून परत येत होते. त्यांच्यामागोमाग दुसरी होडी वळली, तिसरी वळली. सगळा कळपच्या कळप शर्यत सोडून घराकडे!

'काय झालं? वादळ? मोठा मासा?' काका मोजायला लागले. चौदा गेल्या होत्या. परत येतायत... तेरा!

चौदावी होडी कोणाची हे सांगायला दुर्बीण लागत नव्हती. ती एकटीच, पाठमोरी, पिवळ्या बोयाकडे चालली होती.

"अगं वळ! सगळे वळले, तू वळ!" काका ओरडले. वाऱ्यानं शब्द पळवून नेले. मग त्यांनी भोंगा उचलला आणि जीव खाऊन वाजवला. एकदा. दोनदा. तीनदा.

झालं! वर चौकड्या, खाली तीन भोंगे. जे थोडे घुटमळत परतत होते तेही निमूट सरळ काठाकडे निघाले.

भोंगा ऐकून सेक्रेटरीबाई धावत बाहेर आल्या. वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं, पण काकांनी शर्यत रद्द केली म्हणजे काहीतरी असणारच. तीस वर्षं, एकही चूक नाही! त्यांनी शर्यतीची वही मिटली आणि टोपण लावून पेन ठेवून दिलं.

होड्या एकेक करून वाळूला लागल्या. बचावबोट घेऊन फळीताईही आल्या.

"काका, काय दिसलं तुम्हाला?"

"ते सोडा! ही तिकडे एकटी राहिलीय! ताई, बोट द्या!"

"नाही देणार. काकूंनी मला शपथ घातलीय. हाक मारली तरच जायचं."

"ती बुडेपर्यंत हाक मारणार नाही, मी ओळखतो तिला!"

"बघा की, किती छान चालवतायत त्या."

काकांनी पाहिलं. दुर्बिणीशिवाय, साध्या डोळ्यांनी पाहिलं. काकू पिवळ्या बोयाला वळसा घालत होत्या. शीड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, काकूंनी डोकं खाली घातलं, वर काढलं, आणि होडी वाऱ्यावर अशी बसली जशी बाई आपल्या ओट्यापाशी उभी राहते. इतके रविवार काकांनी ती होडी फक्त बुडायच्या बेतात असलेली पाहिली होती. चालताना ती आजच पाहिली. हातातला भोंगा त्यांनी हळूच खाली ठेवला.

वीस मिनिटांनी काकू शेवटच्या रेषेतून आत आल्या आणि चिडून ओरडल्या, "भोंगा वाजवा की! मी पोचले!"

"काकू, शर्यत रद्द झालीय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "झेंडा दिसला नाही का?"

"कुठला झेंडा? भोंगे ऐकले, म्हटलं, हे पुन्हा मलाच वाचवायला निघाले!"

"तो काय, वर!"

"तो झेंडा आहे? तो माझा टेबलक्लॉथ आहे! त्या कोपऱ्यातली शिवण मी हातानं घातलीय, इथून दिसतेय. आणि तो तिकडे कोणी नेला?"

काठावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. कापड एव्हाना छान वाळलं होतं.

हॉलमध्ये, झाकलेल्या पाटीच्या शेजारी, सगळे जमले. दातांचे डॉक्टर पिशवीतून पुस्तक काढून तयारच होते.

"प्रश्न सोपा आहे! तो झेंडा असेल तर शर्यत रद्द, कोणाचीच पुरी झाली नाही. टेबलक्लॉथ असेल, तर शर्यत चालूच होती, काकूंनी ती पुरी केली, आणि आम्ही तेरा जण..." ते थबकले.

"तुम्ही तेरा जण टेबलक्लॉथ बघून पळून आलात," फळीताईंनी वाक्य पुरं केलं.

"तो झेंडाच होता!" डॉक्टर कडाडले. "मला मैलभरावरून झेंडा ओळखता येतो!"

सेक्रेटरीबाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मनानं फार चांगली बाई. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, पश्चिमेला थोडासा ढग होता का? खबरदारी म्हणून तुम्ही शर्यत थांबवली असेल. चौकड्यांचा झेंडा पटकन सापडला नसेल, म्हणून हाताला लागलं ते चढवलं असेल. काय? तसं असलं तर त्यात चूक काहीच नाही."

सुटायला दार उघडं करून दिलं होतं. मान वर करून काकूंकडे बघायची काकांची हिंमत होत नव्हती.

काकू टेबलक्लॉथची घडी घालत होत्या. कोपऱ्याला कोपरा जुळवत, खाली बघतच त्या म्हणाल्या, "होता. ढग होता. मी पाहिला."

काकांनी चमकून वर पाहिलं. काकूंनी आयुष्यात खोटं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आभाळात तर बोटभरसुद्धा ढग नव्हता. सात रविवार जिवाचं रान करून मिळवलेली एक गोष्ट बाई घडी घालून ठेवून देत होती, का, तर यांच्या पाटीवरची ओळ पुसली जाऊ नये.

"वही द्या," काका म्हणाले.

क्लबाचा रिवाज होता, काही गडबड झाली की ज्याच्या हातून झाली त्यानं ती स्वतःच्या हातानं वहीत लिहायची. काकांवर तीस वर्षांत ही पाळी आली नव्हती. त्यांनी पेन घट्ट धरलं, जीभ दाताखाली धरली, आणि लिहायला लागले. एक अक्षर, मग थोडी जागा. पुन्हा एक अक्षर, पुन्हा जागा. निळा चौकोन, पांढरा चौकोन. सगळा हॉल ताटकळत उभा होता.

सेक्रेटरीबाईंनी मोठ्यानं वाचलं, "'ढग नव्हता. झेंडा नव्हता. आमचा टेबलक्लॉथ होता. मी वाळत घातला. शर्यत चालू होती. हिची पुरी झाली. चहा मी सांडला.'"

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसायला घडी वर उचलली, आणि मधेच थांबल्या.

"चहा? इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर?"

मग जो हशा पिकला तो खुर्च्या हलवून गेला. एकटे डॉक्टर हसले नाहीत. शेवटी ठरलं की काकूंची शर्यत पुरी धरायची, आणि उरलेल्या तेरा जणांनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायची. डॉक्टरांनी ती जिंकली. पण पुढे किती दिवस त्यांच्या दवाखान्यात येणारा रोगी दात दाखवायच्या आधी टेबलावरच्या कापडाकडे बघून हसायचा!

आणि पाटी? रंगारी संध्याकाळपर्यंत मिळाला नाही. फळीताईंनी स्वतःच ब्रश घेऊन दुरुस्त केली, 'तीस वर्षं, एकच चूक.' काकांना ती आधीपेक्षा जास्त आवडली, असं ते सांगायचे. आपण मानू.

नवा हंगाम सुरू झाला त्या सकाळी काकू एकट्या निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी काकांकडून शपथ घेतली, काही झालं तरी बोट घेऊन वाचवायला यायचं नाही. काकांनी गळ्याला हात लावून घेतली.

काकू पिवळ्या बोयापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. शीड ढिलं सोडलेलं. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. काका बचावबोटीत बसून इंजिनाची किल्ली फिरवत होते, बंद करत होते, फिरवत होते. पण शपथ म्हणजे शपथ! पाऊण तास त्यांनी जीव मुठीत धरून काढला.

शेवटी काकू परत आल्या. चेहरा लालबुंद.

"माणसानं किती वेळ वाट बघायची?"

"काय झालं? अडकली होतीस?" काकांनी बोटीतून उडी टाकत विचारलं.

"अडकतेय कशाला? थर्मास नेला होता. दोन कप नेले होते."

"अगं, पण तूच शपथ घातलीस ना, यायचं नाही म्हणून!"

"वाचवायला यायचं नाही म्हटलं होतं. चहाला यायचं नाही असं कुठे म्हटलं होतं?"

यालाही काकांना उत्तर दोन दिवसांनी सुचलं असतं. ते मुकाट्यानं काकूंच्या मागोमाग कँटीनमध्ये गेले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. काकूंनी थर्मासमधला चहा दोन्ही कपांत ओतला. साखर होती.

कपाला हात लावायच्या आधी काकांनी टेबलक्लॉथ मात्र गुंडाळून मांडीवर घेतला.